रात्री तारे दिसले का?

डिचोलीच्या बाजारात, नात्यातल्या लग्नात, एकदा तर साखळीच्या बसमध्येही विचारलं गेलं: "गोव्यात घाम पुसत बसून तुम्हाला मनालीच्या वरचा बर्फ कसा कळतो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मे महिन्यात आई अंगणात आमसुलं वाळत घालते आणि माझी वही निघते. मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर (५,२८९ मीटर) चढायचा पहिला हंगाम हाच. मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ जूनला येतो, मनालीकडे पोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. त्याआधीच जाऊन यायचं.

लोकांना वाटतं, मी पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघतो. मी आधी मागचे तीन आठवडे बघतो. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात पाऊस-बर्फ पाडणारी वादळं, एप्रिल-मेमध्येही येतात. शेवटचा कधी आला, वर बर्फ किती पडला, नंतर वारा कुठून होता, हे वहीत उतरवतो. पश्चिमेचा वारा असेल तर उडालेला बर्फ पूर्वेच्या उतारांवर साचतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तोच थर सुटतो. ताज्या बर्फावर दोन-तीन दिवस तरी जायचं नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का दांडा २ या शिखरावर हिमस्खलन झालं. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. त्यात बरीच गिर्यारोहण शिकायला आलेली मुलं होती. ते मनातून जात नाही.

तापमानाचं गणित सोपं आहे. हवामानाच्या अंदाजात 'मनाली' म्हणून दिसणारा आकडा २,०५० मीटरवरच्या गावाचा असतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. गावात रात्री १२ असेल, तर माथ्यावर उणे ९च्या आसपास. पण एवढ्यावर विसंबू नका. मी एका वर्षी विसंबलो होतो.

त्या वर्षी आकडे चांगले होते, वाराही नव्हता. शिखराखालच्या लेडी लेग या तळावरून रात्री एकला निघालो. वर ढगांचं जाड पांघरूण होतं, मी त्याकडे लक्षच दिलं नाही. तासाभरात पाय गुडघ्यापर्यंत आणि मग मांडीपर्यंत जाऊ लागले. आइस अ‍ॅक्सचा (बर्फातल्या कुऱ्हाडीचा) दांडा एका हाताने दाबला, तर मुठीपर्यंत सरळ आत गेला, भिजलेल्या वाळूत काठी जावी तसा. आमचा गाइड काही बोलला नाही, नुसता थांबला. साडेचारला परत फिरलो.

कारण गोव्यातल्या कुणालाही कळेल असं आहे. जानेवारीत निरभ्र रात्री पहाटे गारठा पडतो, आणि मेच्या ढगाळ रात्री पंख्याखालीही झोप लागत नाही. बर्फाचंही तसंच. आकाश मोकळं असेल तर त्याची उष्णता वर निघून जाते आणि दिवसा वितळलेला थर कडक गोठतो, क्रॅम्पॉन (बुटांखालचे लोखंडी काटे) नीट रुततात. ढग असले की हवा शून्याखाली असूनही तो मऊच राहतो.

म्हणून आता निघायच्या आठवड्यात मी सोलंगच्या एका खेचरवाल्याला रोज फोन करतो. "वर कसं आहे?" असं विचारलं तर "बढिया है सर" हेच उत्तर येतं, ते मायेने दिलेलं असतं. म्हणून विचारायचं ते नेमकं. वाटेवरच्या बकरथाच या मुक्कामाला तंबूपुरती मोकळी जमीन आहे का? नाल्यावरचा बर्फाचा पूल टिकून आहे की मधून खचलाय? रात्री तारे दिसले का?

पूर्वी मनालीच्या वरची रोहतांग खिंड उघडल्याच्या बातमीवरूनही बर्फाचा अंदाज यायचा. २०२० मध्ये ही खिंड टाळून लाहौलला जाणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून 'लाहौलचा रस्ता चालू' या बातमीतून तेवढं कळत नाही. त्याऐवजी सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं बघा, फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवी. साध्या चित्रात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात. शॉर्टवेव्ह अवरक्त (SWIR) पट्ट्याचं चित्र लावलं की बर्फ निळसर होतो, ढग पांढरेच राहतात. बर्फाची रेषा दर आठवड्याला किती वर सरकली, ते त्यावर बोट ठेवून मोजता येतं.

एवढं सगळं घरून होतं. शेवटची तपासणी मात्र रात्री एक वाजता तंबूबाहेर. आधी वर बघायचं, मग दांडा बर्फात दाबायचा. आत गेला, तर परत स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं.