हॅलो येत होते, एलडीपी सेशन येत नव्हतं

रात्रीच्या मेंटेनन्स विंडोत जुना राउटर काढून नवा बसवला. केबल, इंटरफेस, ओएसपीएफ (राउटर एकमेकांकडून रस्ते शिकतात तो प्रोटोकॉल) सगळं तासाभरात उरकलं. एका शेजारच्या राउटरशी एलडीपी (पॅकेटवर लावायची लेबलं राउटर एकमेकांना कळवतात तो प्रोटोकॉल) लगेच जुळलं, दुसऱ्याशी काही केल्या जुळेना. तिथे चार तास गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

डिस्कव्हरी, म्हणजे शेजारी शोधण्याचा टप्पा, पाहिली तर हॅलो ("मी इथे आहे" सांगणारे छोटे मेसेज) दोन्हीकडून जातायत, येतायत. दर 5 सेकंदांनी, अगदी नियमित. नेबरच्या यादीत मात्र तो शेजारी नाहीच. त्याच्या लूपबॅकचा (राउटरचा स्वतःचा, कुठल्याही केबलवर न अवलंबणारा पत्ता) /32, म्हणजे नेमका त्या एका पत्त्याचा, रूट टेबलात होता, लूपबॅक ते लूपबॅक पिंगही जात होता. पासवर्डची शंका आली, पण एमडी5 (पासवर्डवरून पॅकेटवर केलेली सही) जुळत नसेल तर लॉगमध्ये तसा मेसेज पडतो. लॉग कोरा होता.

शेजारचा राउटर दुसऱ्या टीमकडे. त्यांना तीनदा विचारलं, "तुमच्याकडे फिल्टर आहे का?" तिन्ही वेळा एकच उत्तर: "पोर्ट 646 उघडं आहे, हॅलो येतायत ना?" हे उत्तर ऐकून डोकं फिरतं. हॅलो यूडीपीवर असतात, 224.0.0.2 ला, म्हणजे लिंकवरच्या सगळ्या राउटरांना जातात. सेशन टीसीपीवर, म्हणजे आधी कनेक्शन जोडून, थेट लूपबॅक ते लूपबॅक. पोर्टचा नंबर दोन्हीकडे 646 असला तरी एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही.

शेवटी टीसीपीची यादी काढली. त्या शेजाऱ्यासाठी आमच्या बाजूला एकच ओळ, त्यांच्या 646 कडे निघालेली आणि सिनसेंटवर अडकलेली. म्हणजे आमचा राउटर दार ठोठावतोय आणि आतून ओ येत नाही. मग लूपबॅक सोर्स देऊन त्यांच्या 646 वर टेलनेट मारलं (कनेक्शन जुळतं का ते पाहायला), तर लटकलं. त्यांना उलट आमच्या 646 वर मारायला लावलं, तर क्षणात ओपन.

तेव्हा उलगडलं. एलडीपीत ज्याचा ट्रान्सपोर्ट अॅड्रेस (इथे लूपबॅकचा पत्ता) मोठा तो टीसीपी कनेक्शन सुरू करतो. जुन्या राउटरचा लूपबॅक त्यांच्यापेक्षा लहान होता, त्यामुळे कनेक्शन कायम ते सुरू करायचे आणि आमची उत्तरं 646 या सोर्स पोर्टवरून जायची. त्यांच्या फिल्टरमध्ये टीसीपीची नेमकी तेवढीच ओळ होती. नव्या राउटरला मिळालेला लूपबॅक त्यांच्यापेक्षा मोठा निघाला आणि भूमिका उलटल्या. आता आमचं पॅकेट कुठल्यातरी वरच्या सोर्स पोर्टवरून त्यांच्या 646 कडे जात होतं आणि फिल्टर ते गुपचूप टाकून देत होता. टेलनेटचे दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाठवले. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. डेस्टिनेशन 646 ची एक ओळ वाढवली आणि काही सेकंदांत सेशन ऑपरेशनल झालं. तो शब्द स्क्रीनवर बघून जो सुटकेचा श्वास घेतला, तो अजून आठवतो.

म्हणून राउटर बदलताना आधी दोन्ही लूपबॅक पत्ते शेजारी लिहा आणि मोठा कोणाचा ते बघा. फिल्टरमध्ये टीसीपी 646 सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्ही बाजूंनी उघडं हवं. समोरच्या टीमला "646 उघडं आहे का" असं विचारू नका, फिल्टरच्या ओळी मागा.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं: एलडीपी-आयजीपी सिंक (आयजीपी म्हणजे इथे ओएसपीएफ). ते चालू नव्हतं, त्यामुळे ओएसपीएफने ती लिंक चांगली समजून ट्रॅफिक तिकडेच वळवला. साधं आयपी पोचत होतं, पण लेबल नसल्यामुळे व्हीपीएनचे ग्राहक चार तास अंधारात होते. सिंक असतं तर सेशन उभं राहीपर्यंत ओएसपीएफने त्या लिंकची कॉस्ट 65535, म्हणजे कमाल, दाखवली असती आणि ट्रॅफिक दुसऱ्या वाटेने गेला असता. त्याच रात्री सगळ्या कोअर लिंकवर ते चालू करून मगच लॉगआउट झालो.