मानशीच्या दाराचा प्रोग्राम: नॉट लावला आणि फसलो

तर चोडणच्या आमच्या खाजनातल्या मानशीचं दार कधी उघडं असेल हे काढणारा माझा सी प्लस प्लस प्रोग्राम थोडा पुढे सरकलाय. (गोव्याबाहेरच्यांसाठी, खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, आणि मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतं आणि ओहोटीला उघडतं, मोटर नाही बिटर नाही.) दर अर्ध्या तासाची एक नोंद, दिवसाच्या 48, भरती असली तर ट्रू (हो), नसली तर फॉल्स (नाही). दार उघडं म्हणजे भरती नाही, नुसतं उलटं करायचं, फॉर लूपने दोन मिनिटांचं काम, पण मी हट्टाला पेटलेलो की लूप लिहायचाच नाही, ट्रान्सफॉर्मला (यादीतल्या प्रत्येक नोंदीवर एकच क्रिया करतो तो) ती क्रिया म्हणून लायब्ररीतला तयार फंक्शन ऑब्जेक्टच द्यायचा.

घाईत लॉजिकल नॉटच्या (ट्रूचं फॉल्स, फॉल्सचं ट्रू करणारा) जागी बिट नॉट (आकड्यातले 0-1 बिट उलटे करणारा) टाकला. कंपाइल झालं आणि दार 48 च्या 48 वेळा उघडं! अर्धी रात्र गेली शोधण्यात. ट्रू म्हणजे 1, त्याचे बिट उलटे केले की -2 येतं, फॉल्सचे केले की -1, यातलं शून्य कुठलंच नाही, आणि शून्य सोडून काहीही बूलमध्ये (ट्रू-फॉल्सच्या प्रकारात) परत आणलं की ट्रू होतं, म्हणून दोन्ही ट्रूच. अख्खं खाजन खारं करून टाकलं मी.

लॉजिकल नॉट लावल्यावर जमलं. मग वाटलं याच्याने कंडिशनही उलटी होईल, काउंट इफमध्ये (अटीत बसणाऱ्या नोंदी मोजतो तो) माझं 'भरती आहे का' हे फंक्शन त्याच्यात गुंडाळायला गेलो तर कंपाइलरने पानभर शिव्या दिल्या. बरोबरच आहे, लॉजिकल नॉट हातात आलेली व्हॅल्यू उलटी करतो, फंक्शन उलटं करायला नॉट एफएन लागतो, 2017 च्या स्टँडर्डमधला. माझ्या जुन्या पुस्तकात त्याच कामाचा नॉट वन आहे, तो 2020 मध्ये काढूनच टाकलाय, त्यामुळे पुस्तकातला कोड नव्या मोडमध्ये चालेलच असं नाही.

एवढं सगळं कौतुकाने काकांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "भरती सरली की लगेच दार उघडतं असं कोणी सांगितलं रे तुला? बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली जायला नको?"

म्हणजे मुळात नॉटचं कामच नव्हतं. आता आतल्या पातळीचा एक व्हेक्टर (आकड्यांची यादी), बाहेरच्या पातळीचा एक, आणि दोन रेंज घेणाऱ्या ट्रान्सफॉर्ममध्ये ग्रेटर (पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का बघणारा). बाहेरची पातळी भरतीच्या तक्त्यावरून काढतोय, आतली मोजायला बांबूवर खुणा करून रोवलाय, सकाळी बघायला जातो.