तुम्ही विचारलंत म्हणून : वाइनच्या कूलरमध्ये सिगार कशासाठी?

घरी येणारा माणूस माझ्या वाइन कूलरच्या काचेच्या दारातून आत वाकून बघतो, बाटल्या शोधतो. लाकडी खण दिसले की विचारतो, “यात सिगार ठेवलेत? मग साधा फ्रीज काय वाईट होता?” त्यातल्या काहींचा दुसरा प्रश्न लगेच येतो, “मलाही असं करायचंय, कसं केलंत?” दर वेळी मी उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगतो आणि दर वेळी महत्त्वाचं तेच सांगायचं राहून जातं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

फ्रीजचं उत्तर सोपं आहे. त्याचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, आतली हवा कोरडी असते आणि इतर जिनसांचे वास त्यात भरून राहिलेले असतात. तंबाखूचं पान वास धरतं. फ्रीजमध्ये उघडा ठेवलेला सिगार काही दिवसांत करकरीत वाळतो आणि शेजारच्या डब्याचा वासही उचलतो. सिगारला लागतं १८ ते २१ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता. वाइनचा कूलर नेमका या तापमानाच्या जवळपास चालायला बनवलेला असतो. तापमानाचं काम तो करतो, आर्द्रतेचं आपल्याला करून द्यावं लागतं.

सिगार म्हणजे तीन थरांची पानं: आत फिलर, त्याला बांधणारं बाइंडर आणि सगळ्यांत वर रॅपर. तिन्ही पानं हवेतली ओल घेतात आणि सोडतात. ओल घेतली की फुगतात, सोडली की आकसतात. रॅपर इतकं पातळ असतं की आतलं पान जरा जास्त फुगलं तरी ते उकलतं, आणि ते स्वतः एकदम वाळलं तर तडकतं. म्हणून आकडा ६५ आहे की ६९, यापेक्षा तो दिवसभरात किती हलतो, याकडे मी जास्त बघतो. ह्युमिडोरने, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीने किंवा कपाटाने, ओल द्यावी असं बहुतेक जण धरून चालतात. मला त्याने आहे ती ओल सांभाळावी, एवढंच हवं असतं.

हे मला सुरुवातीला कळलेलं नव्हतं. माझ्याकडे टेबलावर ठेवायची लाकडी पेटी होती, झाकणात काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, बसवलेला. काटा ७० वर स्थिर असायचा आणि मी निर्धास्त होतो. एके दिवशी खालच्या थरातल्या सिगारांवर पांढरट केसाळ डाग दिसले. बोटाने पुसले की जायचे, दोन दिवसांत परत यायचे. बुरशी होती. मग कुणीतरी सुचवलं म्हणून मिठाची चाचणी केली. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, वाळू ओली व्हावी इतपतच पाणी घालायचं (मीठ विरघळता कामा नये), टोपण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस ठेवायचे. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, खोलीतल्या नेहमीच्या तापमानात हा आकडा फारसा हलत नाही. माझ्या काट्याने त्या हवेत ७१ दाखवले. म्हणजे तो ७० म्हणत होता तेव्हा पेटीत ७४ होते, आणि माझ्या सिगारांना बुरशी मीच लावत होतो. तेव्हापासून कोणताही मीटर, कितीही चांगला असो, मिठाच्या पिशवीतून निघाल्याशिवाय मी आत ठेवत नाही. फरक मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवतो.

पेटीचा शेवट मात्र बुरशीने झाला नाही. एका उन्हाळ्यात खोली सलग काही आठवडे ३० अंशांच्या वर राहिली. नंतर पेटी उघडली तर सात सिगारांच्या रॅपरला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं, आणि तळाशी भुकटी. हा तंबाखूचा भुंगा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. तांबूस तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि थंडाव्यात ती गप्प राहतात. ऊब मिळाली की अळ्या बाहेर येतात, आतलं पान खात बोगदे काढतात, आणि वाढलेला भुंगा भोक पाडून बाहेर पडतो. भोक दिसतं तेव्हा त्या सिगारचं सगळं होऊन गेलेलं असतं. जुन्या, जपून ठेवलेल्या सिगारांचं असं झालेलं बघून मला खरंच फार वाईट वाटलं. लाकडी पेटी आर्द्रता सांभाळते, तापमानापुढे तिचं काही चालत नाही, हे त्या दिवशी पटलं आणि मी कूलर शोधायला लागलो.

पहिला कूलर चुकीचा घेतला. तो कॉम्प्रेसरवर चालणारा होता. आतला आर्द्रतेचा आकडा ६७ असायचा, कॉम्प्रेसर सुरू झाला की बघता बघता ५०च्या खाली यायचा, बंद झाला की पुन्हा वर. दिवसातून कितीतरी वेळा. कारण समजून घ्यायला दवबिंदू लक्षात घ्यावा लागतो. २१ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण १५ अंश असतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. कॉम्प्रेसरची थंड पट्टी गोठणबिंदूच्या आसपास जाते, म्हणजे ती दर फेरीला हवेतलं पाणी ओढून घेते, आणि ते मागच्या नळीतून बाहेर वाहून जातं. वाइनला त्याने फारसं बिघडत नाही, बाटलीला बूच असतं. सिगारला बूच नसतं.

म्हणून दुसरा घेतला तो थर्मोइलेक्ट्रिक. यात कॉम्प्रेसर नाही, वायू नाही. एक चपटी चकती असते, तिच्यातून वीज गेली की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. हा परिणाम झाँ पेल्टिए या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये नोंदवला. तो आधी घड्याळजी होता. चार वर्षांनी लेन्झ या शास्त्रज्ञाने बिस्मथ आणि अँटिमनी या दोन धातूंच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला, आणि विजेची दिशा उलटी करून तोच थेंब वितळवला. माझ्या सिगारांमागे हेच तत्त्व शांतपणे चालू असतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पेल्टिए कूलरची गार बाजू कॉम्प्रेसरइतकी थंड होत नाही, म्हणून पाणी कमी ओढते. ‘कमी’ म्हणतोय, ‘अजिबात नाही’ असं नाही.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. पेल्टिए कूलर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतो. खोली ३५ वर असेल तर त्याला १८ वर आणायचा हट्ट धरू नये. तो थांबतच नाही, पट्टी सतत गार राहते आणि पाणी साचायला लागतं. उन्हाळ्यात मी २१ वर ठेवतो, थंडीत बहुतेक वेळा प्लगच काढतो. बंद असलेला कूलर म्हणजे उत्तम इन्सुलेशन असलेलं घट्ट दाराचं कपाट, आणि खोली २० अंशांच्या आत असेल तर सिगारांना तेवढं पुरतं. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर ठेवतो. काचेच्या दारावर ऊन पडणार नाही, अशी जागा निवडली आहे.

आता काम. नवीन कूलरला प्लॅस्टिकचा आणि गोंदाचा वास असतो, आणि तो पहिल्यांदा घालवायचा. मी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसलं, नंतर डिस्टिल्ड वॉटरने, मग दार उघडं टाकून आत वर्तमानपत्राचे बोळे आणि कोळशाच्या पुड्या ठेवल्या. दोन आठवडे लागले. नाक आत घालून काहीच वास येत नाही, असं होईपर्यंत पुढे जायचं नाही. या टप्प्यावर घाई केलेल्यांचे सिगार मी ओढून पाहिलेत, प्लॅस्टिकची चव शेवटपर्यंत जात नाही.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. सहज निसटली तर तिथून हवा जाते. मागे पाणी निचरायचं भोक असतं, ते मी आतून रबरी बुचाने बंद केलं. मात्र पट्टीवरून ठिबकणारं पाणी कुठेतरी जायला हवं. त्याच्याखाली सिलिका मण्यांची पसरट डबी ठेवली. हवेतून निघालेलं पाणी मणी पितात आणि हवा कोरडी झाली की परत देतात. सगळ्या जुळणीत मला हीच गोष्ट सगळ्यांत आवडते: पाणी कपाटाबाहेर जातच नाही.

बाटल्यांच्या जाळ्या काढून त्या जागी स्पॅनिश सीडरचे खण बसवले. नाव फसवं आहे. हे झाड स्पेनचं नाही आणि देवदारही नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. लाकूड ओल सांभाळतं, बुरशीला दाद देत नाही आणि त्याचा वास तंबाखूला शोभतो. सुताराला दोनच गोष्टी बजावल्या: पॉलिश नको, आणि आतल्या बाजूला गोंद दिसता कामा नये. खणांच्या तळाला भोकं पाडून घेतली, नाहीतर हवा वरच्या वर फिरते. कोरडं लाकूड नुसतं आत ठेवलं तर ते सिगारांतलीच ओल पिऊन टाकतं, म्हणून आधी आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून दहा-बारा दिवस लाकूड मुरवलं. ओल्या फडक्याने लाकूड पुसायची जुनी पद्धत आहे, मी ती वापरत नाही, फळ्या वाकतात.

ओलीसाठी मी दुहेरी काम करणारी पाकिटं वापरतो. त्यांत क्षाराचं द्रावण असतं, मघाच्या मिठासारखंच, फक्त क्षार बदलून ते ६५ किंवा ६९ वर बांधलेलं. ओल कमी झाली तर देतात, वाढली तर घेतात. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारांना, असा हिशेब. नळाचं पाणी कुठेही वापरत नाही, त्यातले क्षार मण्यांवर बसतात. वर आणि खाली असे दोन मीटर आहेत, कारण गार हवा तळाशी बसते आणि तिथला आकडा वर असतो. कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा दर तासाला काही मिनिटं फिरतो, त्याने दोन मीटरमधला फरक दोन टक्क्यांवर आला.

लोक दार उघडायला घाबरतात. त्यांना मी एक हिशेब सांगतो. ८० लिटरच्या कपाटात १९ अंशांना, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पाण्याची वाफ सगळी मिळून एक ग्रॅमही भरत नाही. १२ ग्रॅमच्या एकाच सिगारात दीड ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. म्हणजे ओलीचा खरा साठा हवेत नाहीच, तो पानांत आणि लाकडात आहे. दार उघडलं की मीटर पडतो, सिगारांना मात्र ते कळतही नाही आणि थोड्या वेळात आकडा परत येतो. म्हणूनच भरलेलं कपाट रिकाम्यापेक्षा स्थिर असतं. नव्या माणसाची चूक इथेच होते: मीटर पडलेला बघून तो पाणी ओततो, आणि आठवड्याने बुरशी बघतो.

नवीन आलेला सिगार मी थेट आत ठेवत नाही. दोन पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, मग पाच दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि नंतर बाहेर. पायऱ्या गाळल्या तर रॅपर तडकतं. भुंग्याने दिलेला हा धडा मी एकदाही टाळलेला नाही.

एक गोष्ट कुणी विचारत नाही तरी सांगतो. तंबाखू कितीही निगुतीने ठेवला तरी तंबाखूच असतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तोंड आणि घसा सुटत नाहीत, कॅन्सरचा धोका राहतोच. मी महिन्याला एखादा ओढतो. जो ओढत नाही त्याला मी हातात देत नाही, त्याने फार आग्रह केला तरीही.

ज्यांना हे करायचंच आहे, त्यांनी कूलर आणला, वास गेला, लाकूड मुरलं की आठ दिवस सिगार आत ठेवू नका. दोन तपासलेले मीटर ठेवा आणि सकाळी व रात्री दोन्हींचे आकडे, तापमानासह, वहीत लिहा. कूलर चालू कधी होता, बंद कधी होता, तेही लिहा. ते पान घेऊन माझ्याकडे या, मग पहिला खण आपण मिळून भरू.