दुपारी तीनचा डीजे

नृत्यसंगीताच्या महोत्सवाच्या फलकावर नावे ज्या क्रमाने छापलेली असतात, त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमाने ती माणसे व्यासपीठावर येतात. सर्वांत वर वीतभर अक्षरांत झळकणारा पाहुणा रात्री साडेआठच्या सुमारास अवतरतो. आणि सर्वांत खाली, तिकिटाच्या अटींच्या जेमतेम वर, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत ज्याचे नाव असते, त्याला भर उन्हात मोकळ्या मैदानासमोर उभे राहावे लागते. गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून मेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका माळावर असा एक दिवसाचा कार्यक्रम झाला. तिकिटे भाचीने काढली होती आणि सोबत म्हणून मी गेलो होतो. त्या दिवसाबद्दल मला जे सांगावेसे वाटते, ते जवळजवळ सगळे त्या शेवटच्या ओळीतल्या माणसाबद्दल आहे.

मेमधली दुपार ही नाचण्याची वेळ नव्हे, हे साताऱ्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. "मामा, चारच्या आधी तिथे चिटपाखरू नसते," असे भाचीनेही बजावले होते. तरीही आपल्याकडे हे कार्यक्रम दुपारीच सुरू होतात, आणि त्याचे कारण संगीतात नसून कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली लागू झाले. त्यांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण ती बहुतेक गणपती आणि नवरात्रातच खर्ची पडते. म्हणजे ज्याला सात-आठ कलावंत वाजवायला आणायचे आहेत, त्याने दहापासून मागे मोजत यावे, आणि मोजता मोजता तो आपसूक दुपारी तीनवर येऊन थांबतो. वास्तविक हे संगीत रात्रीचे. शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबात 1977 पासून फ्रँकी नकल्स जे वाजवू लागला आणि पुढे ज्याला हाऊस म्हणू लागले, ते बंद, अंधाऱ्या जागेत पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांसाठी होते. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 2007 साली सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाला आणि 2016 साली तो पुण्याजवळ केसनंदला आला, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांनाही या प्रकाराची सवय झाली. पण सनबर्न डिसेंबरातला. मेमधल्या माळाची गोष्ट वेगळी.

किती वेगळी, ते सूर्याकडे पाहून, किंवा न पाहताच, कळते. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास साताऱ्यात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. त्यानंतर अडीच तासांनी, म्हणजे तीन वाजता, साधारण तेहतीस फूट उंचीच्या व्यासपीठाची सावली जेमतेम पंचवीस फूट पडते. आयोजकांनी, कळून असो वा नकळत, व्यासपीठ माळाच्या पश्चिम टोकाला उभारले होते. त्यामुळे ती सावली थेट प्रेक्षकांच्या अंगावर येत होती आणि दर पंधरा मिनिटांनी थोडी पुढे सरकत होती. सुरुवातीला आलेली शंभरेक माणसे त्या पट्ट्यात दाटीवाटीने उभी होती. सावलीची कड जिथे संपे तिथेच गर्दीही, सुतळी धरून आखल्यासारखी, संपत होती. उरलेले लोक पाण्याच्या जारपाशी, कलिंगडाच्या हातगाडीपाशी आणि मैदानाच्या मागच्या टोकाला असलेल्या एकुलत्या एका करंजाखाली होते. जावळीच्या डोंगरातून करवंदे घेऊन आलेल्या दोन बायकांनी त्या करंजाखालची मोक्याची जागा सकाळीच धरून ठेवलेली असल्याने आम्हा बाकीच्यांना बुंध्याच्या आसपास मिळेल तिथे बसावे लागले. साडेपाच वाजेपर्यंत व्यासपीठाची सावली नव्वद फुटांवर गेली आणि तिच्याबरोबर नाचणाऱ्यांचा घोळकाही वाढला. कोणाच्या वादनाने किती लोक उठून नाचू लागले याचा हिशेब मांडताना निम्मे श्रेय सूर्याला द्यावे लागेल.

मला मात्र कुतूहल होते ते पहिल्या वादकाचे. पंचविशीच्या आतबाहेरचा, किडकिडीत मुलगा होता. त्याच्या समोरच्या यंत्रांचे पडदे उन्हाच्या तिरिपीत दिसेनासे होत असल्याने आयोजकांपैकी एक पोरगा त्यांच्यावर काळी छत्री धरून उभा होता, आणि ती छत्री ऊन सरकेल तशी कलती करणे एवढेच त्याचे काम होते. मी सावलीच्या पट्ट्यात अगदी कठड्याला टेकून उभा राहिलो, त्यामुळे वादकाचे हात नीट दिसत होते. डीजे नुसती कळ दाबतो आणि हात वर करून नाचतो, असा आमच्या पिढीचा पक्का समज आहे. हा मुलगा हात वर करतच नव्हता. हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरी कानामागे, असे धरून तो पुढची चीज आधी स्वतःशी ऐकत होता. तिची गती चालू असलेल्या चिजेच्या गतीशी जुळेपर्यंत एक लहानशी पट्टी केसभर वर, केसभर खाली सरकवत होता. दोन्ही जुळल्या की तो नवी चीज लोकांपुढे आणी, पण तिचा बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, काढून टाकून. नुसती वरची किणकिण. बत्तीस ठोके जाऊ देई, आणि मग एकाच क्षणी जुन्याचा बेस खाली आणि नव्याचा वर. दोन्ही बेस एकदम राहिले तर आवाजाचा चिखल होतो, असे त्याने मला नंतर सांगितले. ही अदलाबदल इतकी बेमालूम होई की समोर नाचणाऱ्या कोणाच्या पायाला ती कळत नसे. फक्त दोन-तीन मिनिटांनी आपण काही वेगळेच ऐकतो आहोत हे लक्षात येई.

याच चिजा मागे करंजाखाली बसून ऐकल्या तेव्हा एक गंमत दिसली. त्या तासात तो मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोक्यांनी वाजवत होता, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर जातो. करंज व्यासपीठापासून नव्वदेक मीटरवर असावा. तेव्हा आवाज आमच्यापर्यंत यायला पाव सेकंद, म्हणजे बरोबर अर्ध्या ठोक्याचा वेळ लागत होता. ठोक्यावर त्याची मान खाली जाताना दिसे आणि धप्प असा आवाज येई तो ती वर आल्यावर. जणू तो आमच्या सगळ्यांच्या विरुद्ध डोलत होता. मोठ्या मैदानांवर मध्येच कर्ण्यांचे आणखी एक मचाण उभारून त्यांना मुद्दाम उशिराने वाजवतात, ते पुढचा आवाज आणि मधला आवाज मागे बसलेल्यांच्या कानी एकाच वेळी पोचावा म्हणून. इथे तेवढा खर्च कोणी केलेला नव्हता, आणि मला तरी त्याचे दुःख झाले नाही.

करंजाखालीच शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा भेटले. हा माळ त्यांच्या भावकीतला. त्यांना कार्यक्रम मुळीच पटलेला नव्हता, पण त्यांची तक्रार भलतीच निघाली. "आमच्याकडं लग्नात डॉल्बी लागला का पत्रं थरथरत्यात," ते म्हणाले, "ह्येचा आवाज तर आमच्या वस्तीवर काईच येईना. इत्तं मोठं सामान आणलंय कशाला मग?" आवाजाची यंत्रणा चोख होती, दोष दुपारचा होता. तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि गरम हवेत आवाज वेगाने जातो; म्हणून दिवसा आवाजाची लाट जमिनीवरून वर, आभाळाकडे वळते आणि काही अंतरावरच्या माणसाला ती नीट गाठत नाही. सूर्य मावळून जमीन निवाली, की हवेचे थर उलटे होतात, लाट खाली वळते आणि दोन मैलांवरच्या ओसरीतही ठोके मोजता येतात. यात्रेतल्या तमाशाची ढोलकी रात्री शिवारापलीकडच्या गावात ऐकू येते, तीही याचमुळे. रात्री साडेआठला मुख्य पाहुणा सुरू झाला तेव्हा आजोबांचे पत्रे थरथरले असणार. दुपारचा मुलगा मात्र बरेचसे आभाळालाच ऐकवत होता.

त्याला पाहताना मला यात्रेतले कुस्त्यांचे मैदान आठवत राहिले. तिथेही पहिल्या नंबरची कुस्ती दिवस कलल्यावर लागते, आणि तोवर दुपारभर रेवड्यांवरच्या, नारळावरच्या, दहा-वीस रुपयांच्या कुस्त्या चालतात. हौद्याभोवती तेव्हा तुरळक माणसे असतात. बाकीचे गाव पाळण्यांकडे आणि जिलेबीच्या दुकानांकडे. पण हलगी, घुमके आणि कैताळ पहिल्या पोराच्या पहिल्या पकडीपासून वाजू लागतात. शेंबड्या पोरांच्या झोंबीलाही हलगीवाला तीच इमानदार साथ करतो, फक्त हात राखून. सगळी लय त्याने तिथेच उधळली तर संध्याकाळी पहिल्या नंबरच्या जोडीसाठी त्याच्याकडे चढायला जागा उरणार नाही. हलगीचे कातडे ढिले पडले की तो बाजूच्या जाळावर ते शेकून घेतो. मेमधल्या दुपारी जाळाची गरज पडत नाही, ऊनच ते काम करते.

हात राखणे हीच दुपारच्या वादकाचीही खरी विद्या आहे, आणि तिला टाळ्या मिळत नाहीत. रात्रीच्या पाहुण्याची गाजलेली गाणी त्याने वाजवायची नसतात. गती त्याने एवढी चढवायची नसते की पुढच्याला पळावे लागेल. आवाजाचा काटा तांबड्या रेघेपर्यंत न्यायचा नसतो. हे कुठे लिहिलेले नाही, पण या व्यवसायात ते सर्वांना ठाऊक असते, आणि जो ते मोडतो त्याला पुढचे आमंत्रण येत नाही. या मुलाने एकशे सोळा ठोक्यांपासून सुरुवात केली आणि सव्वा तासात तो जेमतेम एकशेबावीसवर आला. त्या सव्वा तासात त्याने एकदाही तो सुप्रसिद्ध खेळ केला नाही, ज्यात बेस काढून घेऊन, आवाज फुगवत नेऊन, लोकांना श्वास रोखायला लावून मग सगळे एकदम अंगावर सोडतात. रात्री हा खेळ इतक्या वेळा झाला की शेवटी शेवटी त्यात थरारापेक्षा सवय जास्त उरली. दुपारी, तशा कोणत्याही धक्क्याशिवाय, एका चष्मेवाल्या बाईंनी आधी टाच हलवली, मग गुडघा, मग हातातला उसाच्या रसाचा ग्लास शेजारणीकडे दिला आणि त्या नाचू लागल्या. सोबतच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. मला वाटते, संबंध दिवसात कोणी आपण होऊन नाचू लागलेले मी तेवढेच पाहिले. पुढे अंधार पडल्यावर जो तो गर्दीने नाचवला गेला.

बाकीचा दिवस थोडक्यात सांगता येईल. साडेचारला पूर्वेकडून वळवाचे ढग चढले, कामगारांनी धावत येऊन यंत्रांवर ताडपत्र्या टाकल्या, चार थेंब पडले आणि धुळीचा वास देऊन गेले. सूर्य यवतेश्वर-कासच्या डोंगरांमागे उतरला. दिवे लागले, धूर सुटला, कागदाचे कपटे उडाले, आणि समोर नाचणाऱ्यांपेक्षा वर धरलेल्या फोनांची संख्या जास्त झाली. मुख्य पाहुण्याने तयारीने आणि ठरल्याप्रमाणे वाजवले. भाची बेहद्द खूश होती आणि तिच्या आनंदावर विरजण घालण्याचे मला काही कारण नव्हते. दहाला पाच मिनिटे कमी असताना एका हवालदारांनी व्यासपीठाच्या पायरीशी येऊन स्वतःच्या मनगटावर बोट ठेवले, आणि शेवटची चीज अर्ध्यावर थांबली.

दुपारचा मुलगा मला त्याआधी, सातच्या सुमारास, लिंबू सरबताच्या टपरीपाशी भेटला होता. तो कराडचा निघाला, आठवडाभर एका कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वाजवतो. त्याच्या मानेवर उन्हाने लाल पट्टा उठला होता. रिकाम्या मैदानापुढे वाजवताना कसे वाटते, असे मी विचारले, तर त्याला प्रश्नच नीट कळला नाही. मैदान रिकामे नव्हते, सावलीत लोक होते, असे तो म्हणाला. मग तो बराच वेळ बेसच्या अदलाबदलीबद्दल बोलला, आणि सव्वा तास फार कमी पडतो, रंग भरायला लागेपर्यंत उठावे लागते, हेही म्हणाला. यात मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. आयोजकांनी पुढच्या खेपेस दुपारच्या माणसाला पूर्ण दोन तास द्यावेत, रात्रीच्या पाहुण्याचे वीस-पंचवीस मिनिटे कमी करावे, व्यासपीठ आहे तिथे पश्चिमेलाच ठेवावे, आणि अडीच वाजता एक टँकर पाणी मैदानावर मारून घ्यावे, कारण पहिल्या तासात नाचणारे थोडे असले तरी धूळ सगळ्यांत जास्त तेच उडवतात.