हेल्मेटपुढे उदबत्ती

परवा दुपारी देवघरातील एक उदबत्ती पेटवून मी ती जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या हेल्मेटपुढे धरली, तेव्हा बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच विचारले, "अहो, खंडेनवमीला अजून अवकाश आहे ना?" प्रश्न रास्त होता. मला मात्र डोंगरातील सायकलीसाठी हनुवटीपर्यंत झाकणारे, म्हणजे फुलफेस, हेल्मेट घ्यायचे होते आणि कोणत्या हेल्मेटात वारा खरोखर खेळतो हे पाहायचे होते. त्यासाठी दोन हेल्मेटे मागून आणली होती. एक पुण्याच्या भाच्याचे, आणि दुसरे इथल्याच एका मित्राचे, घेऊन तीन वर्षे झाली तरी एकही ओरखडा नसलेले. डोक्याच्या जागी आत भाजीसाठी आणलेला लाल भोपळा बसवला. माझ्या डोक्याशी त्याचे माप नेमके जुळले, यावर घरात कोणी भाष्य केले नाही.

टेबलफॅन तीनवर ठेवला तेव्हा धूर कपाळावरच्या भोकांतून आत शिरला आणि मानेकडून सुतासारखा सरळ बाहेर पडला. एकवर ठेवला तेव्हा तो आत जाऊन घुटमळला. पंखा बंद केल्यावर मात्र दोन्ही हेल्मेटांत तो हनुवटीच्या पट्टीमागे, म्हणजे तोंडापुढच्या टणक कमानीमागे, साचून राहिला आणि मग सावकाश, आळोखेपिळोखे देत वर चढला.

दुकानात गेले की भोके मोजून दाखवतात. सतरा आहेत, एकवीस आहेत, असा हिशेब ऐकताना मला हुरड्याच्या कणसाचे दाणे मोजल्यासारखे वाटते. हेल्मेटाच्या आत बोट फिरवून पाहिले, की काही भोके बाहेरून खिडकी आणि आतून कोनाडा असतात, हे कळते. कपाळाकडून टाळूवरून मानेपर्यंत खोदलेली चर नसेल, तर आत आलेल्या वाऱ्याने जावे कुठे? शिवाय प्रत्येक भोक म्हणजे फेसाचा तेवढा भाग कमी. हा फेस थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट असतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि डोक्याचा मार कमी करतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. भोके वाढवली, की उरलेला फेस आणखी दाट करावा लागतो. काही हेल्मेटांत पिवळ्या रंगाचा पातळ सरकता थरही असतो, ज्याला मिप्स म्हणतात. तिरका फटका बसला, की तो १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि मेंदूला बसणारा पीळ कमी करतो. चांगली सोय आहे, पण त्या थराची भोके फेसाच्या भोकांशी जुळतात की नाही, हे उजेडाकडे धरून पाहावे. भाच्याच्या हेल्मेटात ती जुळत नव्हती.

धूर साचलेला पाहताना मला आजोळचे इरले आठवले. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात रोपलावणीच्या वेळी बायका पाठीवर इरली घेऊन ओणव्या होत, आणि दुरून पाहिले तर शेतात मोठमोठी कासवे चरत आहेत असे वाटे. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये दाबून बसवलेली पाने, एवढाच त्याचा कारभार. सात-आठ वर्षांचा असताना आजीने एकदा तिचे इरले माझ्या डोक्यावर ठेवले आणि ते मला जवळजवळ जमिनीपर्यंत झाकून गेले. बाहेर पाऊस कोसळत होता, आत ओल्या पानांचा वास होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझा स्वतःचा श्वास एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा ऐकू आला. फुलफेस हेल्मेट घातल्यावर नेमका तोच श्वास पुन्हा भेटतो. फरक इतकाच, की इरले खालून मोकळे असल्यामुळे आजीला त्यात दिवसभर काम करता येत होते.

आमच्याकडच्या अडचणीचे मूळ चढात आहे. परदेशातील उतारांवर रोपवेच्या पाळण्यात सायकल टाकून वर जातात आणि हेल्मेट घालून फक्त खाली येतात. तिथल्या हेल्मेटांचा वारा उताराच्या वेगावर बेतलेला असतो. कोल्हापूरहून पन्हाळा २० किलोमीटर, गड पायथ्यापासून ४०० मीटरच्या आसपास उंच, आणि वाटेतल्या वाघबिळापासून वरचा घाट आपला आपणच चढायचा. तिथे माझी सायकल ताशी सहा-सात किलोमीटरने चालते, म्हणजे पंखा बंदच. अशा वेळी कपाळावरची भोके नुसती शोभेची ठरतात आणि सारी भिस्त तोंड आणि हनुवटीची पट्टी यांच्यातील अंतरावर येते. दोन बोटांचे अंतर असले तर उच्छ्वास परत नाकात येतो, चष्म्यावर धुके धरते. मोकळी मूठ राहण्याइतके असले तर माणूस तग धरतो. दुकानदार आरशासमोर उभे करतो. मी म्हणतो, दुकानाचा जिना तीनदा चढू द्या.

पट्टी काढता-घालता येणारी हेल्मेटेही मिळतात आणि चढाला ती सोयीची असतात. मात्र युरोपातील ईएन १०७८ हे सायकल हेल्मेटाचे मानक हनुवटीची पट्टी तपासतच नाही; ती तपासणारे मानक अमेरिकेतील एएसटीएम एफ १९५२. ही अक्षरे आतल्या चिठ्ठीवर बारीक छापलेली असतात आणि मी ती चष्मा लावून वाचतो, तेव्हा दुकानातील पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. एकाने तर मला आयएसआय छापाचे मोटारसायकलचे हेल्मेट पुढे केले, "हे जास्त मजबूत." मजबूत असेलही, पण ते दीड किलोच्या घरात जाते आणि त्यात वाघबीळ चढायचे म्हणजे डोके पुरणासारखे शिजवून घेणे आहे.

वाघबिळाच्या चहावाल्याला हा सगळाच प्रकार अमान्य आहे. "भावा, पैलवान काय टोपडं घालून हौद्यात उतरतोय व्हय?" असे तो दरवेळी विचारतो. तालमीच्या गावात याला उत्तर देणे कठीण. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली तांबडी माती असते आणि पन्हाळ्यापलीकडे मसाई पठाराच्या वाटेवर चाळणीसारखा खरबरीत जांभा असतो, हे मी त्याला एकदा सांगून पाहिले. त्याने चहात आणखी साखर घातली.

ज्या मित्राचे हेल्मेट आणले होते, त्याच्या पुढच्या दोन दातांचा रंग बाकीच्या दातांहून किंचित उजळ आहे. तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या उन्हात, त्याच वाटेने आम्ही दोघे चढत होतो. हेल्मेट नवेकोरे होते आणि त्याचा चेहरा आत लालबुंद झाला होता. मीच म्हणालो, "काढ की मर्दा, चढाला कोण पडतंय?" त्याने ते काढून हँडलला अडकवले. दहा मिनिटांनी पुढचे चाक जांभ्याच्या खाचेत अडकले. वेग चालण्याइतकाही नव्हता. आम्ही गवतात अर्धा तास शोधले तेव्हा एक दात सापडला, दुसरा नाही. हेल्मेट शेजारीच गवतावर पडले होते. परवा मी भोपळ्यावर चढवले ते हेच.