उदबत्तीच्या धुराखाली

आमच्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद फ्रेमा देवाच्या, नाहीतर लग्नाच्या. त्यामुळं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे एक कापडवाले काका चादरीत गुंडाळून काहीतरी घेऊन आले, तेव्हा मी देवच समजलो. निघालं काळंमिट्ट तैलचित्र.

"आमची माणसं हायत. फाळणीनंतर सिंधमधनं आली, तेव्हाची. चेटीचंडला, आमच्या सिंधी नववर्षाला, दरवर्षी समोर उदबत्ती लावतो."

मी चित्र आधी उलटं केलं. पाठ बघायची खोड जुनीच, पण २०२१ साली जेकब लॉरेन्सची बातमी वाचल्यापासून ती पक्की झाली. या अमेरिकन चित्रकाराच्या तीस चित्रांच्या मालिकेतलं अठ्ठाविसावं कित्येक दशकं बेपत्ता होतं. नव्या देशात आलेल्या लोकांचं चित्र; त्यांचा आकडाच नावात घातलेला, १,१५,७७३! सापडलं ते न्यूयॉर्कमधल्या एका नर्सच्या घरी, आणि ती स्वतःच युक्रेनहून आलेली. पाठीवर लॉरेन्सबद्दलचं वर्तमानपत्राचं कात्रण होतं म्हणे.

आमच्या चित्राच्या पाठीवर वाळवीची माती आणि गंजलेले बारीक खिळे. सही नाही, साल नाही.

काका चहा घेत बसले. मी कापसाच्या बोळ्याला लाळ लावून एक कोपरा पुसायला घेतला. (हसू नका. जुना धूर काढायला लाळ भारी. मोठ्या म्युझियममधले लोकही वापरतात.) बोळे तपकिरी होत गेले. आधी पत्र्याची ट्रंक दिसली. मग हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल. मग पायघोळ लोकरी ओव्हरकोट, आणि त्याला धरून उभं पिवळ्या केसांचं पोर.

माझा हात थांबला. कोल्हापूरच्या उन्हात सिंधमधली बाई ओव्हरकोट घालून कशाला उतरेल?

गांधीनगर वसलं ते वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर. तिथं १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. त्याच्याजवळ बसून आम्ही भेळ खातो. त्यांच्यानंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली.

काकांना हे कसं सांगावं? शेवटी सांगून टाकलं.

ते बराच वेळ चित्राकडं बघत राहिले. कप तसाच हातात.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं पोलंडवाल्यांना उदबत्ती लावली?"

"बहुतेक."

"ट्रंक मात्र आमच्यासारखीच हाय." मग उठत म्हणाले, "मास्तर, काच घाला. चेटीचंडला परत धूर लागंल."

तैलचित्राला सहसा काच घालत नाहीत, हे मी बोललो नाही. माप घेतलं.