दगडच बघायचा होता तर…

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लेकीकडून, अमेरिकेहून परत आल्यापासून पंचगंगेच्या घाटावर कुणी ना कुणी विचारतंच, "दगडच बघायचा हुता तर पन्हाळा काय लांब हाय?"

पन्हाळ्याचा दगड लाव्हा थिजून झालेला, काळा, टणक. अ‍ॅरिझोनात पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन, म्हणजे दगडातली अरुंद खोल घळ, मात्र मुळात वाळू आहे. साधारण 19 कोटी वर्षांपूर्वी वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या गाडल्या गेल्या आणि दाबानं त्यांचा दगड झाला. भिंतींवरचे तिरपे पट्टे म्हणजे त्या टेकड्यांचेच थर.

वरून बघाल तर नुसती जमिनीची भेग. लोखंडी जिन्यानं खाली उतरलो आणि बोलणंच थांबलं. दोन्हीकडच्या भिंती नऊवारीच्या निऱ्यांसारख्या वळत गेलेल्या. ऊन थेट तळाशी येत नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर परतत खाली झिरपतं. माथ्याशी केशरी, मध्ये तांबूस, पायाशी जांभळं. लोहामुळं आलेला तो तांबडा रंग मी तरी दुसऱ्या कुठल्या दगडात पाहिलेला नाही.

तिथं वाटाड्या नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचाच लागतो, कारण जमीन त्यांची. आमच्या वाटाड्यानं सांगितलं, हे सगळं मुख्यतः पुराच्या पाण्यानं कोरलंय. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की पाणी वाळू घेऊन या फटीतून सुसाट जातं आणि भिंती घासून काढतं. शेजारच्या वरच्या कॅन्यनच्या नावाहो नावाचा अर्थच 'दगडांतून पाणी वाहतं ती जागा' असा आहे.

मग त्यानं 12 ऑगस्ट 1997 ची गोष्ट सांगितली. पाऊस पडला होता काही मैल वरच्या अंगाला. आम्ही उभे होतो त्या खालच्या कॅन्यनमध्ये लोंढा शिरला आणि 11 पर्यटक गेले.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. गगनबावड्याला पाऊस लागतो, इथं डोक्यावर ऊन असतं, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं चढत असतं. 2019 च्या ऑगस्टात आम्ही माळ्यावर सामान चढवत होतो, तेव्हाही आधी फोन केला होता तो वरच्या अंगाच्या पाहुण्यांना.

वर बघितलं. पट्टीएवढं आभाळ, स्वच्छ निळं. तरीही मी लेकीला म्हटलं, "त्याला विचार, वरच्या अंगाला पाऊस आहे का?"

तिनं विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "सकाळीच बघून आलोय."